तीनशे मीटर आधी : जॅक लव्हलॉकची कहाणी

मैलाच्या किंवा दीड हजार मीटरच्या शर्यतीत शेवटची मुसंडी केव्हा मारायची, याविषयी १९३०च्या दशकातील धावपटूंमध्ये फारसे दुमत नव्हते. अखेरचे वळण संपून अंतिम रेषा समोर दिसू लागली की अंगातील उरलेसुरले बळ एकवटायचे, अशी रीत होती. त्याआधी वेग वाढवणारा माणूस रेषेच्या अलीकडेच गळून जातो, हा सर्वांचा अनुभव होता. न्यूझीलंडचा जॅक लव्हलॉक तर या बाबतीत सर्वांपेक्षा सबुरीचा म्हणून प्रसिद्ध होता. पुढच्याच्या पाठीशी चिकटून राहायचे आणि शेवटच्या काही पावलांत त्याला हलकेच मागे टाकायचे, ही त्याची ओळख होती. त्याच्याशी शर्यत लावणारे बहुतेक जण हे गृहीत धरूनच मैदानात उतरत.

६ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर त्याने ही ओळख पुसून टाकली. शर्यतीचे तीनशे मीटर बाकी असतानाच तो सुटला. जगातील सर्वोत्तम म्हणता येतील असे धावपटू क्षणभर गोंधळले आणि तेवढ्या क्षणात सुवर्णपदक त्यांच्या हातून गेले.

जॉन एडवर्ड लव्हलॉकचा जन्म ५ जानेवारी १९१० रोजी झाला, तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनारपट्टीवर, रीफ्टन या गावाजवळच्या क्रशिंग्टन नावाच्या खाणवस्तीत. सोन्याची शीर असलेला खडक कुटणारी यंत्रे तिथे रात्रंदिवस धडधडत असत आणि वस्तीचे नावही त्या कुटण्यावरूनच पडलेले. वडील अशाच एका यंत्रघराचे देखरेख अधिकारी होते. पुढे कुटुंब डोंगर ओलांडून पूर्वेकडच्या शेतीवाडीच्या मुलखात आले. जॅक जेमतेम तेरा वर्षांचा असताना वडील वारले. आईने मुलाच्या शिक्षणाची आबाळ होऊ दिली नाही. १९२४ मध्ये तो टिमारू या बंदराच्या गावातील मुलांच्या हायस्कुलात वसतिगृहात राहून शिकू लागला.

अंगाने तो किरकोळ होता. उंची साडेपाच फुटांपेक्षा जरा अधिक, डोक्यावर कुरळे केस, चणीने हलका. रग्बीवर जीव टाकणाऱ्या त्या देशात असा मुलगा मागे पडावा; पण तो रग्बी खेळला, मुष्टियुद्ध खेळला, पोहला आणि धावला. शाळेच्या धावण्याच्या विक्रमांत त्याची नावे लागली. अभ्यासातही तो पहिला राहिला आणि शेवटच्या वर्षी शाळेचा मुख्य विद्यार्थी झाला. सगळीकडे पहिला येणाऱ्या मुलांविषयी सवंगड्यांना आदर वाटतो, जवळीक वाटतेच असे नाही. लव्हलॉकच्या बाबतीतही थोडे तसेच असावे. त्याला ओळखणारे पुष्कळ होते. त्याच्या मनाचा थांग लागल्याचे सांगणारे थोडे.

१९२९ मध्ये तो डुनेडिन येथील ओटागो विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकू लागला. तिथून ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून १९३१ च्या शरद ऋतूत तो इंग्लंडला, ऑक्सफर्डच्या एक्झेटर महाविद्यालयात गेला. वय एकवीस. यानंतर न्यूझीलंडमध्ये तो पुन्हा कधी वास्तव्याला आला नाही. पाहुणा म्हणून आला तेवढाच. ज्या माणसाला तो देश आजही आपला पहिला महान धावपटू मानतो, त्याचे कर्तृत्व जवळपास सगळे परमुलखात घडले.

ऑक्सफर्डचे इफ्ली रोड मैदान, तिथले अनुभवी प्रशिक्षक बिल थॉमस आणि मैलाच्या शर्यतीला जवळजवळ शास्त्राचा दर्जा देणारे तिथले वातावरण त्याला मानवले. मे १९३२ मध्ये त्याने याच मैदानावर मैलाचे अंतर ४ मिनिटे १२ सेकंदांत कापून ब्रिटिश साम्राज्याचा विक्रम केला. तोपर्यंत फारसे कोणाला ठाऊक नसलेले त्याचे नाव एका संध्याकाळीत वर्तमानपत्रांत आले. जागतिक विक्रम त्या वेळी फ्रान्सच्या ज्यूल लादूमेगच्या नावावर होता, ४ मिनिटे ९.२ सेकंदांचा. म्हणजे ऑक्सफर्डचा हा विद्यार्थी पहिल्याच वर्षी जगातील अव्वल रांगेपासून तीन सेकंदांवर येऊन उभा राहिला.

न्यूझीलंडने त्याला लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी निवडले. तिथे दीड हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत तो सातवा आला. सुवर्ण इटलीच्या लुइजी बेकालीने आणि रौप्य ऑक्सफर्डच्याच जेरी कॉर्न्सने मिळवले. आपल्या रोजच्या सरावातील सोबती रौप्यपदक घेतो आणि आपण सातवे, हे बावीस वर्षांच्या तरुणाला झोंबल्याशिवाय राहिले नसेल. मात्र त्याने जे केले ते रुग्णाची तपासणी करणाऱ्या डॉक्टराने करावे तसे. कुठे जोर वाया गेला, कोणत्या दिवशी शरीर ताजे होते, कोणत्या दिवशी शिणलेले होते, हे त्याने टिपून ठेवले.

टिपून ठेवण्याची ही सवय हेच त्याचे खरे हत्यार होते. सराव, शर्यती, वजन, मनाची स्थिती, प्रतिस्पर्ध्यांच्या खोडी हे सारे तो वह्यांत लिहीत असे. कात्रणे चिकटवी आणि त्यांवर स्वतःचे शेरे मारी. या वह्या आज वेलिंग्टनच्या अलेक्झांडर टर्नबुल ग्रंथालयात आहेत. त्या वाचणाऱ्याला दोन गोष्टी जाणवतात. एक, लव्हलॉक स्वतःच्या शरीराकडे प्रयोगशाळेतील उपकरणासारखे पाहत होता. दुसरी, साधारण शर्यत हरल्याचे त्याला फारसे दुःख होत नसे. त्या हरण्यातून काय कळले याचे कुतूहल अधिक असे. माणूस वर्षातून थोड्याच वेळा आपल्या परमोच्च क्षमतेने धावू शकतो, म्हणून ते थोडे दिवस कोणते हे आधी ठरवावे आणि बाकीच्या शर्यती त्यांच्या तयारीत खर्चाव्यात, अशी त्याची धारणा होती. आजच्या क्रीडाविज्ञानात हे प्राथमिक ज्ञान आहे. तेव्हा मात्र अनेकांना तो लहरी वाटे.

१५ जुलै १९३३. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे मैदान. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा संयुक्त संघ प्रिन्स्टन आणि कॉर्नेल यांच्याविरुद्ध खेळायला आला होता. मैलाच्या शर्यतीत प्रिन्स्टनचा बिल बॉन्थ्रन हा घरच्या प्रेक्षकांचा लाडका होता. लव्हलॉक त्याच्या मागे राहिला आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढे गेला. वेळ ४ मिनिटे ७.६ सेकंद. लादूमेगचा विक्रम दीड सेकंदाहून अधिक फरकाने मोडला. दुसरा आलेला बॉन्थ्रनही जुन्या विक्रमाच्या आत होता, यावरून शर्यतीचा दर्जा कळतो. न्यूझीलंडच्या मैदानी खेळांच्या इतिहासात असे पूर्वी झाले नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरात ट्यूरिनला विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत बेकालीने त्याला हरवले. पुढच्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या ग्लेन कनिंगहॅमने मैलाचा विक्रम ४ मिनिटे ६.८ सेकंदांवर नेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बॉन्थ्रनने दीड हजार मीटरचा विक्रम ३ मिनिटे ४८.८ सेकंदांवर आणला. विक्रमांची ही चढाओढ लव्हलॉक बाहेरून पाहत होता. ऑक्सफर्ड संपवून तो लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकीचे पुढचे शिक्षण घेऊ लागला होता. पेनिसिलिनचा शोध ज्यांच्या नावावर आहे ते अलेक्झांडर फ्लेमिंग याच रुग्णालयातले आणि पुढे चर्चिल यांचे डॉक्टर म्हणून गाजलेले चार्ल्स विल्सन हे तिथले अधिष्ठाता. खेळाडू विद्यार्थ्यांविषयी विल्सन यांना विशेष आस्था होती. तरी वॉर्डातील काम, परीक्षा आणि अधूनमधून डोके वर काढणारे गुडघ्याचे दुखणे यांतून सरावाला वेळ काढावा लागे. आजच्या व्यावसायिक धावपटूला हे चमत्कारिक वाटेल. त्या काळच्या हौशी खेळाडूला दुसरा मार्गच नव्हता.

ऑगस्ट १९३४ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर साम्राज्य क्रीडास्पर्धा झाल्या. लव्हलॉकने मैलाची शर्यत जिंकली. दुसरा आला तो सिडनी वुडरसन, चष्मा लावणारा, अंगाने लव्हलॉकपेक्षाही लहानखुरा इंग्रज तरुण. पुढे हाच वुडरसन त्याच्या वाटेत वारंवार येणार होता. १९३५ आणि १९३६ या दोन्ही वर्षी इंग्लंडच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याने लव्हलॉकला हरवले. ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर झालेल्या १९३६ च्या पराभवाने तर अनेकांनी लव्हलॉकच्या नावावर काट मारली.

त्या दोन पराभवांच्या आधी, नेमके सांगायचे तर १९३५ च्या जूनमध्ये, एक विजयही होता. प्रिन्स्टनला पुन्हा निमंत्रितांची मैल-शर्यत भरवली गेली. कनिंगहॅम, बॉन्थ्रन आणि लव्हलॉक एकत्र येणार म्हणून तिला शतकातील सर्वांत मोठी शर्यत असे नाव आधीच देऊन टाकले होते. वर्तमानपत्रांची ही सवय जुनी आहे. लव्हलॉक जिंकला, बॉन्थ्रन दुसरा, कनिंगहॅम तिसरा. वेळ विशेष नव्हती, पण डावपेच नेहमीचे होते. तो मागे राहिला, वाट पाहिली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात निसटला. प्रतिस्पर्ध्यांच्या मनात ती प्रतिमा आणखी घट्ट झाली.

इथे कनिंगहॅमविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याच्यावाचून बर्लिनची कथा अपुरी राहते. कॅन्सस राज्यातल्या एका खेड्यातील शाळेला आग लागली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्या आगीत त्याचा थोरला भाऊ दगावला आणि ग्लेनचे दोन्ही पाय भयंकर भाजले. पुन्हा चालता येईल की नाही अशी शंका होती. तो चालला, मग धावला आणि मैलाचा विश्वविक्रमवीर झाला. रुंद छाती, जोरकस पाऊल, पुढे राहून इतरांना दमवण्याची हिंमत हे त्याचे भांडवल. लव्हलॉक हा त्याच्या अगदी उलट. हलके पाऊल, राखून ठेवलेली ताकद, हिशेबी डोके. दोघांत वैर नव्हते, उलट परस्परांविषयी आदर होता.

बर्लिनला दीड हजार मीटर धावायचे की पाच हजार मीटर, हा प्रश्न लव्हलॉकने बराच काळ मोकळा ठेवला होता. लांब पल्ल्याचा त्याने गांभीर्याने विचार केला, त्या दिशेने सरावही वाढवला. दोन्ही शर्यतींत नाव राखून ठेवल्याने प्रतिस्पर्धी संभ्रमात राहिले, हा वरचा फायदा. पण त्या वाढवलेल्या सरावाचा खरा उपयोग वेगळाच झाला. तीनशे मीटर पूर्ण वेगाने धावायला लागणारा दम त्याच्या छातीत साठत गेला.

१९३६ चे बर्लिन. हिटलरच्या राजवटीने जगाला दिपवण्यासाठी मांडलेला तो थाट होता. लाखभर माणसांचे मैदान, झेंडे, पडघम. जेसी ओवेन्सने ५ ऑगस्टपर्यंत शंभर मीटर, लांब उडी आणि दोनशे मीटर अशी तीन सुवर्णपदके घेऊन त्या थाटातील वंशश्रेष्ठत्वाचा दर्प उतरवला होता. आपल्याकडची माणसेही त्या गावात होती. ध्यानचंदच्या हॉकी संघाने १५ ऑगस्टला जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. त्या संघातील रूपसिंग पुढे ग्वाल्हेरचा झाला, तिथले मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. न्यूझीलंडचे पथक मोजक्याच खेळाडूंचे होते आणि काळा पोशाख घातलेला लव्हलॉक हीच त्याची मोठी आशा होती.

सिडनी वुडरसन प्राथमिक फेरीतच बाद झाला. त्याच्या घोट्याच्या हाडाला दुखापत झालेली होती. अंतिम शर्यतीला बाराजण उभे राहिले. त्यात मागच्या ऑलिंपिकचा विजेता बेकाली, रौप्यपदकाचा मानकरी कॉर्न्स, कनिंगहॅम, त्याचा अमेरिकी सहकारी आर्ची सान रोमानी, कॅनडाचा फिल एडवर्ड्स आणि स्वीडनचा एरिक न्यू होते. मैलाच्या शर्यतींच्या जाणकारांनी कागदावर यादी करावी आणि सगळी नावे प्रत्यक्ष हजर असावीत, असा तो मेळा होता.

दीड हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या पावणेचार फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत पुढचा मान या ना त्या धावपटूकडे फिरत राहिला आणि मग कनिंगहॅमने सूत्रे हाती घेतली. लव्हलॉक पुढच्या घोळक्यात, कोंडीत न सापडता, जिथून हवे तेव्हा बाहेर पडता येईल अशा जागी होता. ती जागा मिळवायला आणि टिकवायला लागणारे कसब दुरून दिसत नाही. एक पाऊल चुकले तर समोर दोघांची भिंत उभी राहते आणि ती ओलांडण्यात जाणारी दोन-तीन पावले अशा शर्यतीत पुन्हा भरून निघत नाहीत. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा कनिंगहॅम आणि न्यू पुढे होते आणि लव्हलॉक त्यांच्या पाठीशी.

पहिले वळण संपले. मैदानाच्या पलीकडचा सरळ पट्टा समोर होता. शर्यत जिथून सुरू झाली ती हीच जागा. म्हणजे रेषेपर्यंत बरोबर तीनशे मीटर. कोणी काही करील अशी ही वेळ नव्हती. लव्हलॉक बाहेरच्या बाजूने निघाला आणि चार-सहा पावलांत सगळ्यांच्या पुढे गेला.

कनिंगहॅमसमोर त्या क्षणी जो पेच पडला त्याची कल्पना करता येते. हा माणूस कधीच इतक्या लवकर सुटत नाही, मग ही खरी मुसंडी की फसवी चाल? खरी असेल तर लगेच मागे लागायला हवे. फसवी असेल तर मागे लागणे म्हणजे आत्मघात. उत्तर शोधण्यात गेलेल्या अर्ध्या क्षणात लव्हलॉक काही मीटर पुढे निघून गेला होता. मग कनिंगहॅमने जीव खाऊन पाठलाग केला, बेकालीनेही केला. शेवटच्या वळणावर अंतर थोडे कमी झाल्यासारखे वाटले, पण ते मिटले नाही. शेवटच्या काही मीटरांत लव्हलॉकने मागे वळून पाहिले आणि पाऊल जरा सैल सोडले. ती शर्यत लेनी रिफेन्स्टालच्या ‘ओलिंपिया’ या चित्रपटात आहे. आजही ती पाहताना त्या सैल सोडलेल्या पावलांकडे लक्ष जाते. विश्वविक्रमी शर्यतीच्या शेवटी इतका मोकळा माणूस विरळाच.

वेळ ३ मिनिटे ४७.८ सेकंद. बॉन्थ्रनचा विश्वविक्रम पूर्ण एका सेकंदाने मोडला. ३ मिनिटे ४८.४ सेकंदांत दुसरा आलेला कनिंगहॅमही त्या जुन्या विक्रमाच्या आत होता. आधीचा विश्वविक्रम मोडूनही त्याला सुवर्ण मिळाले नाही. बेकाली तिसरा, सान रोमानी चौथा, एडवर्ड्स पाचवा. हे पाचही जण आधीच्या ऑलिंपिक विक्रमापेक्षा वेगात धावले होते. लव्हलॉकचा विश्वविक्रम १९४१ पर्यंत टिकला आणि ऑलिंपिकमधील त्याची वेळ १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेपर्यंत कोणाला गाठता आली नाही. मैदानी खेळांत न्यूझीलंडला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण.

बीबीसीसाठी समालोचन करत होते हॅरल्ड अब्राहम्स, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील शंभर मीटरचे विजेते. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा चित्रपट पाहिलेल्यांना ते परिचित असतील. लव्हलॉकशी त्यांची मैत्री होती. समालोचकाने तटस्थ राहावे हा संकेत त्या शेवटच्या तीनशे मीटरांत त्यांना पाळता आला नाही. ते मित्राला नावाने हाका मारत ओरडू लागले, इतर धावपटूंचे वर्णन राहूनच गेले आणि शेवटी श्रोत्यांना त्यांचा निव्वळ आनंद तेवढा ऐकू आला. ती ध्वनिमुद्रिका टिकून आहे. व्यावसायिक शिस्तीच्या निकषावर ती नापास व्हावी. तरी रेडिओच्या इतिहासात ती मानाने सांभाळली गेली आहे.

लव्हलॉकने आपल्या वहीत या शर्यतीविषयी जे लिहिले त्यात विजयाचा उन्माद नाही. आठ वर्षांच्या कामाला आलेले फळ, मनात होती तशीच उतरलेली एक कलाकृती, असा त्याचा सूर आहे. चित्रकाराने कुंचला खाली ठेवून दोन पावले मागे सरकावे, तशा समाधानाने तो स्वतःच्या धावण्याकडे पाहतो.

बर्लिनच्या प्रत्येक सुवर्णविजेत्याला पदकासोबत कुंडीत लावलेले ओकचे रोपटे मिळाले. लव्हलॉकचे रोपटे त्याचा सहकारी धावपटू सेसिल मॅथ्यूज याने समुद्रमार्गे न्यूझीलंडला नेले. क्राइस्टचर्चच्या वनस्पती उद्यानातील माळ्यांनी ते जगवले आणि १९४१ मध्ये टिमारूच्या त्याच्या शाळेच्या आवारात लावले. महायुद्ध पेटलेले असताना हिटलरच्या जर्मनीने दिलेले झाड शाळेत लावावे की नाही, असा प्रश्न त्या गावाला पडला असता तर नवल नव्हते. झाड लावले गेले. आज त्याचा मोठा वृक्ष झाला आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रिन्स्टनला तो पुन्हा धावला, सान रोमानीच्या मागे दुसरा आला आणि मोठ्या शर्यतींतून बाजूला झाला. वय सव्वीस. पुढच्या ऑलिंपिकपर्यंत थांबण्याची त्याला गरज वाटली नाही. आणि तसेही १९४० चे ऑलिंपिक झालेच नाही. वर्षअखेरीस न्यूझीलंड सरकारचा पाहुणा म्हणून तो मायदेशी गेला. गावोगाव सत्कार झाले, शाळांना भेटी झाल्या, प्रात्यक्षिक धावा झाल्या. लोकांना जवळचा, मोकळाढाकळा, गावाकडचा मुलगा हवा होता. समोर आला तो ऑक्सफर्डची भाषा बोलणारा, नेमके शब्द वापरणारा, काहीसा अलिप्त तरुण. त्याने सगळे कार्यक्रम सौजन्याने पार पाडले आणि तो लंडनला परतला.

वैद्यकीची पदवी घेऊन तो डॉक्टर झाला. खेळाविषयी वर्तमानपत्रांत लिहू लागला, रेडिओवर बोलू लागला. महायुद्ध सुरू झाल्यावर तो ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात गेला आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. पण १९४० मध्ये घोड्यावरून पडून त्याला जबर दुखापत झाली. बरा झाला तरी नजर पूर्ववत झाली नाही आणि मधूनमधून भोवळ येऊ लागली. ज्याचे सारे धावणे शरीराच्या तोलावर आणि अचूक अंदाजावर उभे होते, त्याचा तोलच अधूनमधून जाऊ लागला. त्याने त्याचा बाऊ केला नाही. कदाचित त्याने तो थोडासा करायला हवा होता.

१९४५ मध्ये त्याने सिंथिया जेम्स या अमेरिकी तरुणीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. युद्धानंतर हे कुटुंब अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील एका विशेष शस्त्रक्रिया रुग्णालयात तो शारीरिक पुनर्वसनाच्या विभागात काम करू लागला. मोडलेल्या, लुळ्या पडलेल्या अवयवांना पुन्हा हालचाल शिकवायची, हे त्याचे काम. धावण्याच्या दिवसांत स्वतःच्या शरीरावर केलेल्या निरीक्षणांचा इथे त्याला उपयोग होत असणार. राहायला तो ब्रुकलिनला होता आणि भुयारी रेल्वेने ये-जा करी.

२८ डिसेंबर १९४९ रोजी त्याला रुग्णालयात बरे वाटेना. आपण लवकर घरी येत असल्याचे त्याने पत्नीला दूरध्वनीवरून कळवले. ब्रुकलिनच्या चर्च अव्हेन्यू स्थानकावर तो फलाटावरून रुळांवर पडला आणि येणाऱ्या गाडीखाली सापडून मरण पावला. चाळीसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता.

अशा मृत्यूभोवती कुजबुज सुरू होते, तशी याही मृत्यूभोवती झाली. लव्हलॉक अबोल होता, मनातले कोणाला सांगत नसे, एवढ्या भांडवलावर काहींनी आत्महत्येचा तर्क बांधला. पुढे न्यूझीलंडचे लेखक जेम्स मॅकनिश यांनी १९८६ मध्ये त्याच्या जीवनावर ‘लव्हलॉक’ ही कादंबरी लिहिली आणि त्याच्याभोवतीचे गूढ आणखी गडद झाले. कादंबरीकाराला तो अधिकार असतो. मात्र उपलब्ध गोष्टी साध्या आहेत. नऊ वर्षांपूर्वीच्या अपघातापासून भोवळ येत असलेला माणूस त्या दिवशी आजारी होता आणि आपण घरी निघाल्याचे त्याने घरी कळवले होते. यातून जो अर्थ सरळ निघतो तो अपघाताचा आहे. अबोल माणसाच्या मौनात हवे ते वाचण्याचा मोह सर्वांनाच होतो. लव्हलॉकला जिवंतपणी तो मोह उपयोगी पडला होता, मेल्यावर तो त्याच्यावरच उलटला.

त्याच्या मृत्यूच्या वेळी ऑक्सफर्डच्या एक्झेटर महाविद्यालयातून गेलेला आणखी एक वैद्यकीचा विद्यार्थी मैलाच्या शर्यती धावत होता. इफ्ली रोडचे तेच मैदान, सुरुवातीला तेच वृद्ध बिल थॉमस, पुढे तेच सेंट मेरीज रुग्णालय. वॉर्डातील काम सांभाळून, थोड्याच पण नेमक्या सरावाने, वर्षातील एखाद्या दिवसासाठी स्वतःला तयार करण्याची तीच रीत. ६ मे १९५४ रोजी रॉजर बॅनिस्टरने इफ्ली रोडवर मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले. दीड हजार मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण मात्र न्यूझीलंडला पुन्हा मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. टोकियोत ते पीटर स्नेलने जिंकले, काळ्या पोशाखात.